सतरा अंकी संख्या आणि तालुक्याची शाळा

जिला प्रयोगशाळा लागत नाही, उपकरणांची खरेदी लागत नाही आणि म्हणून वरिष्ठ कचेरीच्या मंजुरीची वाटही पाहावी लागत नाही, ती संख्याविद्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील शाळांतून केवळ पाढे आणि व्यवहारी हिशेब यांपुरती सीमित राहू नये, असे मला आग्रहाने म्हणावयाचे आहे.

या आग्रहाला आधार आहे तो आपल्याच मुलुखातील एका शाळामास्तरांचा. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे १९०५ मध्ये जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नसतानाही त्यांनी केलेल्या संशोधनाची कीर्ती गणितविषयक लेखक मार्टिन गार्डनर यांच्या १९७५ मधील लेखामुळे जगभर पसरली. कसारा आणि आसनगाव ज्या लोहमार्गावर आहेत, त्या तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेच्याच एका स्थानकावर त्यांना एका संख्याकुलाची कल्पना सुचली आणि त्या स्थानकावरून त्यांनी त्या कुलास ‘डेमलो’ हे नाव दिले.

त्या कुलातील १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या घ्या. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थानक्रमाप्रमाणे हिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी, परार्धाच्या लगत खाली, येतो. नऊ एकांच्या संख्येचा हा वर्ग. फळ्यावर रीतसर गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात आणि उभ्या रकान्यांची बेरीज एकापासून नवापर्यंत चढून त्याच क्रमाने उतरते. उत्तरातील अंकांची बेरीज ८१, कारण फळ्यावर मांडलेले एकही तितकेच. आणि एवढ्या मोठ्या संख्येचे मूळ अवयव पाहावेत तर ३, ३७ आणि ३३३६६७ हे तीनच.

आता दहा एकांचा वर्ग करा. मधल्या रकान्यात दहा येतात, हातचा पुढे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ हे उत्तर येऊन एका एकापासून नऊ एकांपर्यंतच्या वर्गांत नऊ वेळा अचूक ठरलेली सममिती भंगते. उदाहरणे कितीही जुळली तरी त्यांनी नियम सिद्ध होत नाही, त्याचे कारण शोधावे लागते, हे गणिताचे मर्म चौथी-पाचवीतल्या मुलाला एका हातच्यामुळे उमगते.

अभ्यासक्रम पुरा करण्याची निकड असताना यास वेळ कोठून काढावा, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. परंतु या एका उदाहरणात गुणाकार, बेरीज, स्थानिक किंमत, वर्ग आणि अवयव ही अभ्यासक्रमातीलच प्रकरणे एकत्र येतात, म्हणून तो वेळ वाया जात नाही. आठवड्यातील एक तास अशा शोधासाठी मोकळा ठेवावा आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्या तासाची दप्तरी नोंद अध्यापन म्हणूनच घ्यावी. ज्या ज्ञानासाठी सरकारी तिजोरीतून एक पैसाही खर्ची पडत नाही, त्यापासून डोंगराकडेच्या पाड्यावरील मूल वंचित राहिले, तर त्याचा दोष दारिद्र्याच्या माथी मारता येणार नाही.