‘नोकरी सोड’ म्हणण्याआधी

सोलापुरातल्या आमच्या ओळखीच्या एका घरची लेक नर्स आहे. मध्यंतरी नाइट ड्युटीवर एका रुग्णाच्या नातेवाइकाने तिच्या कानाखाली मारली. डॉक्टरांना यायला उशीर झाला, राग निघाला समोर उभ्या असलेल्या सिस्टरवर. सकाळी ती घरी आली, तेव्हा अम्मी म्हणाली, “बस झालं, नोकरी सोड.” अब्बा म्हणाले, “सब्र कर बेटा. पोलिसात गेलो तर बदनामी होईल.”

बोलण्यात माया होती. पण शिक्षा झाली ती मार खाल्लेल्या मुलीलाच. सब्र म्हणजे जुलूम गिळणे नव्हे.

बदनामीच्या भीतीची किंमत मुंबईने पाहिली आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा मात्र नोंदवलाच गेला नाही. चोरी आणि जीवघेण्या हल्ल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा भोगून तो माणूस सुटला. अरुणाताईंना १८ मे २०१५ पर्यंत, शेवटच्या श्वासापर्यंत, सांभाळले ते केईएमच्या नर्सेसनी.

आज कायदा आपल्या लेकींच्या बाजूने आहे. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार डॉक्टर, नर्स, इतकेच काय नर्सिंगच्या विद्यार्थिनीवर हात उचलणे हासुद्धा अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणून असे घडले तर आधी तिची तपासणी करून दुखापतीची नोंद घ्यावी. काय घडले ते तारीख-वेळेसह लिहून रुग्णालयाच्या प्रमुखांना द्यावे आणि पोच घ्यावी. साक्षीदारांची नावे टिपावीत, कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवायला सांगावे. आणि पोलीस ठाण्यात तिला एकटीला पाठवू नये.

दुसरी बाजूही पाहू. आपला माणूस आजारी पडला की आपणही वीसजण वॉर्डात गर्दी करतो. घरातल्या एकाच शांत माणसाने डॉक्टरांशी बोलावे, बाकीच्यांनी बाहेर थांबून दुआ करावी. तक्रार असेल तर लेखी द्यावी.

मदिनेत तंबू उभारून जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. तेच काम करणारी लेक रडत घरी आली, तर तिला घरी बसवायचे की तिच्यासोबत उठायचे?

त्या घरी आम्ही एवढेच विचारले. दुसऱ्या दिवशी अब्बा तक्रारीचा कागद घेऊन तिच्याबरोबर गेले. ती आजही ड्युटीवर आहे.