रक्तकर्करोगावरील नवी विद्या आणि गरिबाचा हक्क

रक्ताचा कर्करोग म्हणजे कपाळी लिहिलेले मरण, ही समजूत आपल्या वस्त्यांत अजून ठाण मांडून आहे. ती खोटी होय. मुलांना होणारा तीव्र रक्तकर्करोग पुष्कळदा नेहमीच्या औषधांनीच बरा होतो. मात्र उपचार वेळेवर सुरू झाले पाहिजेत व मध्येच सोडता कामा नयेत. अंगाऱ्या-धुपाऱ्यात गेलेला महिना परत मिळत नाही.

परंतु ज्यांचा रोग औषधांना दाद देत नाही, किंवा जाऊन पुन्हा उलटतो, त्यांचे काय? त्यांच्यासाठी आता नवी विद्या निघाली आहे. टी-पेशी ह्या देहाच्या पहारेकरी. पण कर्करोगाची पेशी घरचीच असल्याने पहारेकरी फसतो. म्हणून रोग्याच्या रक्तातून टी-पेशी काढून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालतात. त्यायोगे सीडी-१९ ही खूण दिसताच शत्रूला धरण्याचे बळ त्यांना येते. मग त्यांची संख्या वाढवून त्या त्याच रोग्याच्या देहात सोडतात. ही खूण निरोगी बी-पेशींवरही असते, त्यामुळे त्याही मरतात; तीव्र ताप येतो, रक्तदाब उतरतो. हे लपविण्यात अर्थ नाही.

अमेरिकेने अशा उपचारास २०१७ साली मान्यता दिली. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.तील राहुल पुरवार व टाटा स्मारक केंद्राचे डॉक्टर ह्यांनी तो घडविला. ४ जून २०२१ रोजी खारघर येथे तो पहिल्या रोग्यास दिला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ ह्या नावाने त्यास मान्यता मिळाली. परदेशात ३ ते ४ कोटी रुपये पडणारा हा उपचार येथे सुमारे ३० ते ४० लाखांत आला. केवढा गौरव झाला त्याचा! तो रास्तच आहे. पण जठारपेठेत हमाली वा धुणीभांडी करणाऱ्या कुटुंबास ३ कोटी आणि ३० लाख ह्यांत फरक तो कोणता? महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबास वर्षाला ५ लाखांची. शिवाय २०२३ च्या त्या मान्यतेत १५ वर्षांखालील मुले नव्हतीच, आणि हा रोग तर मुलांना विशेष गाठतो.

ह्या दोन्ही संस्था जनतेच्या पैशावर उभ्या आहेत. काडेपेटीवरसुद्धा कर भरणारा मजूर त्यांचा धनी आहे. तो भिक्षा मागत नाही. ज्यांच्यापुढे दुसरा उपाय उरलेला नाही, अशा गरीब रोग्यांचा पूर्ण खर्च शासनाने उचलावा, अशी लेखी मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे गेली पाहिजे. तूर्त, मूल फिकट पडले, ताप हटेना, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रक्त तपासून घ्यावे. मुंबईस जाणे पडलेच तर कर्करोग्यास व सोबत्यास रेल्वेभाड्यात सवलत मिळते. तिचा दाखला रुग्णालयातून मागून घ्यावा.