विश्लेषण : ऑनलाइन बुद्धिबळात एका बटणाची किंमत किती? कीबोर्ड शॉर्टकटचा प्रश्न नेमका काय आहे?

बुद्धिबळ, पत्ते, लुडो, सोंगट्या असे बैठे खेळ आता सर्रास स्क्रीनवर खेळले जातात. निलंग्यातून लातूरला स्पर्धेसाठी जायचं तर सुमारे ५० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो, आणि मोठी स्पर्धा असेल तर पुणे-मुंबई गाठावी लागते. ऑनलाइन पटाने हे अंतर मिटवलं. इंटरनेट असेल तर निलंग्यातला खेळाडू नागपूरच्या किंवा नॉर्वेच्या खेळाडूसमोर डाव मांडू शकतो.

पण हा पट बहुतेक वेळा एक गोष्ट गृहीत धरतो. समोरच्याला स्क्रीन दिसते आणि त्याला माऊस नीट चालवता येतो, ही ती गोष्ट. ज्याला दिसत नाही किंवा ज्याचा हात थरथरतो, त्याने सोंगटी उचलायची कशी? याचं उत्तर कीबोर्ड शॉर्टकटमध्ये आहे. ते नीट रचलेले नसतील, तर घरात पोहोचलेला पटही खेळाडूसाठी बंदच राहतो.

शॉर्टकटने किती फरक पडतो?

बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरं असतात. समजा, एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक घरावर फक्त ‘टॅब’ दाबत जाता येतं आणि सुरुवात डाव्या कोपऱ्यातल्या ‘ए८’ घरापासून होते. पांढऱ्याला घोडा ‘जी१’वरून ‘एफ३’वर न्यायचा आहे. ‘जी१’ हे त्या क्रमात ६३वं घर आणि ‘एफ३’ ४६वं. म्हणजे ६३ वेळा ‘टॅब’, मग मागे येण्यासाठी ‘शिफ्ट’ धरून १७ वेळा ‘टॅब’. एकूण ८० वेळा बटण दाबायचं, शिवाय सोंगटी उचलायला आणि ठेवायला दोन वेळा ‘एंटर’.

हीच चाल टाइप करण्याची सोय असेल, तर ‘एन’, ‘एफ’ आणि ‘३’ एवढी तीन बटणं पुरतात. तीन मिनिटांच्या डावात हा फरक हार-जीत ठरवतो. दोघांची घड्याळं सारखीच चालतात, पण एकाचा वेळ विचारात जातो आणि दुसऱ्याचा बटणं दाबण्यात.

चांगली सोय कशी असते?

‘लीचेस’ हे याचं ठळक उदाहरण आहे. थिबो दुप्लेसी यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं हे मोफत, जाहिरातमुक्त आणि मुक्तस्रोत संकेतस्थळ आहे. तिथे चाल कीबोर्डवरून टाइप करण्याचा पर्याय आहे. बाणांच्या बटणांनी खेळून झालेल्या चाली मागे-पुढे बघता येतात, ‘एफ’ दाबलं की पट उलटा होतो आणि प्रश्नचिन्ह दाबलं की शॉर्टकटची यादी समोर येते.

दृष्टिहीन खेळाडूंसाठी तिथे वेगळी व्यवस्था आहे. ती सुरू केल्यावर ‘सी’ ही आज्ञा दिली की घड्याळ ऐकू येतं, ‘एल’ दिली की शेवटची चाल. पट एका नजरेत दिसत नसेल, तर तो प्रश्न विचारून समजून घ्यावा लागतो. ती सोय इथे आहे.

इतर सॉफ्टवेअरमध्ये काम आणखी अवघड असतं. ‘टेबलटॉप सिम्युलेटर’मध्ये शेकडो पत्ते, फासे आणि सोंगट्या एकाच टेबलावर असू शकतात. तिथे ‘एफ’ने वस्तू उलटते, ‘आर’ने फासे पडतात किंवा पत्ते पिसले जातात, ‘क्यू’ आणि ‘ई’ने वस्तू फिरते. ‘फाउंड्री’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये कोणतं काम कोणत्या बटणावर हवं, हे खेळाडूला स्वतः ठरवता येतं. पुढच्या अडचणी बघितल्या की ही सोय का महत्त्वाची आहे, ते लक्षात येतं.

मग अडचण कुठे येते?

पहिली अडचण स्क्रीन रीडरची. दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरतात, तेव्हा स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सोबत चालू असतं. ‘एनव्हीडीए’ हे त्यातलं मोफत आणि लोकप्रिय सॉफ्टवेअर. वेबपान वाचताना त्याचेही एकेका अक्षराचे शॉर्टकट असतात. ‘बी’ दाबलं की पुढचं बटण, ‘एच’ दाबलं की पुढचं शीर्षक, ‘के’ दाबलं की पुढची लिंक. आता बुद्धिबळाच्या इंग्रजी लेखनात ‘बी’ म्हणजे उंट आणि ‘के’ म्हणजे राजा. खेळाडू उंटासाठी ‘बी’ दाबतो आणि स्क्रीन रीडर त्याला भलत्याच बटणावर नेऊन ठेवतो. खेळाच्या रचनेत याचा विचार आधीच केलेला नसेल, तर डाव तिथेच अडतो.

दुसरी अडचण चुकून दाबल्या जाणाऱ्या बटणांची. एका अक्षराचा शॉर्टकट वेगवान असतो, पण तितकाच धोक्याचाही. चॅटच्या चौकटीत न जाता कुणी टाइप करू लागलं, तर प्रत्येक अक्षर आज्ञा ठरतं. फासे पडतात, पत्ते उलटतात. हात थरथरणाऱ्या किंवा बोलून टाइप करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत हे वारंवार होऊ शकतं.

मराठी कीबोर्ड चालू असेल तर?

तिसरी अडचण मराठी वापरकर्त्यांच्या जवळची आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत मराठीसाठी मिनिटाला ३० आणि ४० शब्द असे टप्पे आहेत. तालुक्याच्या गावांमधले अनेक विद्यार्थी त्यासाठी मराठी टायपिंग शिकतात. साहजिकच संगणकावर मराठी कीबोर्ड चालू राहतो.

अशा वेळी शॉर्टकट दाबला तर काय होतं? भारत सरकारने प्रमाण मानलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ रचनेत ‘एन’च्या जागी ‘ल’ उमटतो, ‘एल’च्या जागी ‘त’, ‘सी’च्या जागी ‘म’ आणि ‘एफ’च्या जागी पहिली वेलांटी. सॉफ्टवेअर ‘एन’ची वाट बघत असतं, त्याला मिळतो ‘ल’. मग काहीच घडत नाही. चूक काय झाली, हेही कुणी सांगत नाही.

यावर तांत्रिक उपाय आहे. कोणतंही बटण दाबलं की ब्राउझर सॉफ्टवेअरला दोन गोष्टी सांगतो : कोणतं अक्षर उमटलं आणि कीबोर्डवरच्या कोणत्या जागेचं बटण दाबलं गेलं. फक्त अक्षर बघणारा शॉर्टकट मराठीत बंद पडतो, जागाही बघणारा चालू राहतो. मात्र केवळ जागेवर विसंबणंही पुरेसं नाही, कारण फ्रान्ससारख्या देशांत बटणांची मांडणीच वेगळी असते. म्हणून दोन्ही तपासणं आणि खेळाडूला बटण बदलू देणं, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग.

महाराष्ट्राचा यात काय वाटा?

दृष्टिहीनांचं बुद्धिबळ महाराष्ट्राला नवीन नाही. ऑल इंडिया चेस फेडरेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेचे संस्थापक चारुदत्त जाधव मुंबईचे. शालेय वयात दृष्टी गमावलेल्या जाधव यांनी दृष्टिहीनांसाठी बोलकं बुद्धिबळ सॉफ्टवेअर तयार केलं आणि पुढे डिजिटल सुगम्यतेच्या क्षेत्रातही काम केलं.

प्रत्यक्ष पटावर दृष्टिहीन खेळाडूंसाठीचे नियम जुने आणि पक्के आहेत. काळी घरं थोडी उंच असतात, सोंगट्या भोकात बसतात, काळ्या सोंगट्यांवर हाताला लागेल अशी खूण असते आणि प्रत्येक चाल मोठ्याने बोलून सांगितली जाते. या व्यवस्थेतूनच मोठे खेळाडू घडतात. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत गुजरातच्या दर्पण इनानी यांनी दृष्टिहीन गटात सुवर्णपदक जिंकलं. लाकडी पटावर जी काळजी घेतली जाते, तीच स्क्रीनवर घेणं म्हणजे नीट रचलेला शॉर्टकट.

कायदा काय सांगतो?

वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीचे ‘डब्ल्यूसीएजी’ हे जागतिक निकष आहेत. सगळी कामं कीबोर्डवरून करता आली पाहिजेत, हा त्यातला अगदी पायाभूत निकष. जून २०१८ च्या आवृत्तीत आणखी एक निकष आला. एका अक्षराचा शॉर्टकट असेल, तर तो बंद करता यावा, बदलता यावा किंवा त्या विशिष्ट भागात असतानाच चालावा.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याची तरतूद आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा न ठेवता बंधनकारक करण्यास सांगितलं. ३० एप्रिल २०२५ रोजी दुसऱ्या एका निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं न्यायालयाने म्हटलं. तो निकाल केवायसीबद्दल होता, पण त्यामागचं तत्त्व बँकेपुरतं मर्यादित नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तर ई-स्पोर्ट्स आणि ऑनलाइन सामाजिक खेळांना प्रोत्साहन देण्याचं धोरण ठेवलं. ज्या खेळांना सरकार प्रोत्साहन देणार, ते कीबोर्डवरून पूर्णपणे खेळता येतात का, हा प्रश्न इथेच विचारायला हवा. नंतर दुरुस्त करण्यापेक्षा सुरुवातीलाच अट घालणं स्वस्त पडतं.

काय सुधारता येईल?

यातल्या बऱ्याचशा सुधारणा खर्चिक नाहीत.

• प्रत्येक काम माऊसशिवाय करता यावं.
• शॉर्टकट बदलता आणि बंद करता यावेत.
• त्यांची यादी एका बटणावर मिळावी, मराठीतूनही.
• मराठी कीबोर्ड चालू असतानाही ते चालावेत.
• डाव सोडणं, पत्ते पिसणं अशा परत न फिरवता येणाऱ्या कामांआधी एकदा विचारलं जावं.
• बदल बाजारात आणण्याआधी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या खेळाडूंकडून तपासून घ्यावेत.

वापरकर्ते काय करू शकतात?

तपासणी दोन मिनिटांची आहे. माऊस बाजूला ठेवा आणि फक्त ‘टॅब’, बाण आणि ‘एंटर’ वापरून एक चाल खेळून बघा. आपण कुठे आहोत, हे स्क्रीनवर दिसतंय का? मग मराठी कीबोर्ड चालू करून तेच पुन्हा करा.

जिथे अडेल तिथलं पान, दाबलेलं बटण, चालू असलेला कीबोर्ड आणि ब्राउझर एवढं लिहून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कळवा. ‘लीचेस’ किंवा ‘व्हॅसल’सारख्या मुक्तस्रोत प्रकल्पांत अशी तक्रार कुणालाही नोंदवता येते. प्रोग्रॅमिंग येत असेल, तर दुरुस्तीही सुचवता येते. कीबोर्ड मराठीत असताना ‘एन’ दाबून घोडा हलतो का, हे मराठीत टाइप करणाऱ्यांनी सांगितलं नाही, तर दूर बसून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना ते कळण्याची शक्यता कमीच.