अजिंक्याशी जोड घ्यायची तर

मैदानाच्या कडेने | साप्ताहिक स्तंभ

चैत्र-वैशाखात कळंबपासून जुन्नरपर्यंत गावोगाव यात्रा भरतात. घाटात बैलगाडे पळतात, रात्री तमाशा रंगतो आणि मधल्या वेळात कुस्त्यांचा आखाडा. एखादा नावाजलेला पैलवान हात वर करून आखाड्याला फेरी मारतो. हलगी कडाडते, पंच इनामाची रक्कम पुकारतात, रक्कम चढत जाते. पण पुष्कळदा समोर कोणीच येत नाही. 'जोड नाही' असे म्हणून लोक पुढच्या कुस्तीकडे वळतात.

पोरे भित्री आहेत, असा याचा अर्थ काढू नये. त्या एका पैलवानाशी लढण्याची तयारी त्यांच्याकडून कोणी करून घेतलेलीच नसते. अजिंक्य माणूस हरतो तो आव्हानवीराच्या तयारीमुळे, आणि ही तयारी महिनोन् महिने आधी, ठरवून करावी लागते.

६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटात विनेश फोगाटला पहिल्याच फेरीत जपानची युई सुसाकी मिळाली. चार वेळची जगज्जेती. टोकियोत तिने एकही गुण न देता सुवर्ण नेले होते आणि आंतरराष्ट्रीय कुस्तीत ८२ लढतींत एकदाही हरली नव्हती. सोडतीचा कागद पाहून बहुतेकांनी विनेशची आशा सोडली.

ती लढत पुन्हा बारकाईने पाहावी. सुसाकी पायाला हात घालायला खाली येते की विनेशचे हात आडवे. डोके दाबायचे, मनगट धरायचे, अंतर राखायचे. आक्रमण होत नाही म्हणून पंच तीस सेकंदांची मुदत देतात, त्यात गुण घेतला नाही तर तो प्रतिस्पर्ध्याला जातो. असे दोन गुण विनेशने गमावले. पण सहा मिनिटांत सुसाकीला तिचा पट काही काढता आला नाही. शेवटचे काही सेकंद उरले असताना विनेश आत शिरली, सुसाकीला खाली घेतले आणि दोन गुण मिळवले. २-२. जपानी प्रशिक्षकांनी दाद मागितली, ती फेटाळली गेली, त्याचा आणखी एक गुण. ३-२.

जिला सुरुवातीलाच कुस्ती खिशात घालायची सवय, तिला शेवटच्या सेकंदापर्यंत ताटकळत ठेवणे हाच तो डाव होता. त्यामागे ऑगस्ट २०२३ मधली गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि ५३ किलोवरून ५० किलोवर उतरण्याचे कष्ट होते. दुसऱ्या दिवशी वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम लढतीआधीच तिला बाद ठरवले गेले. तयारीची किंमत किती जबर असते, हे त्या १०० ग्रॅमनी दाखवले.

मुष्टियुद्धात हेच गणित १९७४ साली मुहम्मद अलीने मांडले होते. जॉर्ज फोरमन तेव्हा ४० लढतींत अपराजित, त्यांतल्या ३७ त्याने प्रतिस्पर्ध्याला आडवे करून जिंकलेल्या. ज्यांनी अलीला हरवले होते, त्या जो फ्रेझिअर आणि केन नॉर्टनला त्याने दोन-दोन फेऱ्यांत संपवले होते. अलीचे वय ३२. किन्शासात ३० ऑक्टोबरला अली दोरांना पाठ टेकून उभा राहिला, ठोसे दंडांवर, कोपरांवर झेलत राहिला आणि फोरमनला दमू दिले. आठव्या फेरीत फोरमन कोसळला. मार अंगावर घेण्याची ताकद अलीने सरावातच कमावली होती.

नुसते टिकणे मात्र पुरत नाही. १९१० च्या सप्टेंबरात लंडनला पोलंडचा झ्बिश्को आपल्या गामा पैलवानासमोर जवळजवळ तीन तास गादीला चिकटून राहिला. लढत बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा ठरली, तेव्हा तो आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळात दोघे परत भिडले आणि गामाने त्याला मिनिटभराच्या आत अस्मान दाखवले. हरू नये एवढीच झ्बिश्कोची तयारी होती. विनेशने आणि अलीने शेवटी कुठे घुसायचे तेही ठरवले होते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. तिथे गादीवरच्या कुस्तीचे धडे त्यांना अमेरिकेच्या रीस गार्डनरने दिले होते. पुढची चार वर्षे त्यांनी स्वतःला घडवले. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. १९५२ चे कांस्यपदक त्यातून आले. तो पैसा विजयाआधी दिलेला होता, हे विसरता कामा नये.

आपल्या यात्रांमध्ये नेमके उलटे घडते. इनाम जिंकणाऱ्याला, तेही कुस्ती झाल्यावर. समोर उभा राहणाऱ्याचा वर्षभराचा खुराक, तालमीचा खर्च, दुखापतीचे उपचार हे सगळे त्याच्या बापाच्या खिशातून. मग बलाढ्य पैलवानाशी जोड घेऊन हात-पाय मोडून घेण्यापेक्षा पोरगा रिंगणाबाहेर बसतो, आणि त्याचे चुकते असे म्हणवत नाही.

म्हणून आंबेगाव-जुन्नरच्या यात्रा समित्यांनी तीन गोष्टी कराव्यात. मानाच्या कुस्तीची जोड आखाड्यात ऐनवेळी न लावता किमान दोन महिने आधी जाहीर करावी. इनामाच्या रकमेतला ठरावीक हिस्सा त्याच दिवशी आव्हान देणाऱ्याच्या वस्तादाकडे, खुराकासाठी आणि सरावासाठी द्यावा. आणि मैदानावर डॉक्टर असावा, त्याचे पैसे वर्गणीतून जावेत. यासाठी नवा निधी उभारायची गरज नाही. आहे त्या रकमेची वाटणी बदलावी लागेल. पावतीपुस्तके छापायला टाकण्याआधी गावच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि ठराव लिहून काढावा.

— मैदानकर, कळंब