कोणी पाहिले?

ऑक्टोबरच्या ३१ तारखेस पाश्चात्त्य देशांत ‘हॅलोविन’ नावाचा सण पाळतात. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात. आणि एडिंबरोसारख्या जुन्या शहरांत तर प्रवाशांकडून पैसे घेऊन त्यांस भुताटकीची स्थळे रात्री दाखविण्याचा रीतसर धंदाच चालतो. अलीकडे या सणाचे वारे आपल्याकडील शहरांतही वाहू लागले आहे. वस्तुतः या शब्दाचा अर्थ ‘पवित्र जनांच्या सणाची पूर्वसंध्या’ एवढाच आहे. १ नोव्हेंबरला सर्व संतांचे आणि २ नोव्हेंबरला सर्व मृतांचे स्मरण ख्रिस्ती मंडळीत पुष्कळ ठिकाणी केले जाते. आपल्या सर्वपित्री अमावास्येप्रमाणेच या दिवसांचा हेतू गेलेल्यांस आठवावे हा आहे. त्यांस भ्यावे हा नव्हे.

भुताच्या गोष्टींवर आमचा मुळीच राग नाही. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ आणि वेशीबाहेरचा वेताळ यांच्या कथा शेकोटीभोवती ऐकण्यात जी मौज आहे ती बालपणातून काढून टाकावी, असे कोण म्हणेल? आमची सूचना एवढीच की, गोष्ट संपल्यावर प्रत्येक मुलाने एक प्रश्न विचारावा : “हे कोणी पाहिले?” या एका प्रश्नापुढे भूत टिकत नाही, इतिहास मात्र टिकतो.

पुण्याच्या शनिवारवाड्याचेच पाहा. पौर्णिमेच्या रात्री तेथे नारायणराव पेशव्यांची किंकाळी ऐकू येते, असे लोक सांगतात. ती ऐकणारा मनुष्य कधी समोर येत नाही. ज्याने ऐकली तो नेहमी दुसऱ्या कोणाचा तरी ओळखीचा असतो. परंतु ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्या वाड्यात गारद्यांनी त्या तरुण पेशव्याचा वध केला, हे सत्य आहे. आणि रामशास्त्री प्रभुणे यांनी सत्ताधारी राघोबादादांस त्या अपराधाबद्दल जाब विचारला, ही आठवण महाराष्ट्राने आदराने जपली आहे. भुताच्या गोष्टीने किंकाळी तेवढी ठेवली आणि न्यायाधीश गाळून टाकला. नुकसान कोणाचे झाले, ते वाचकांनीच ठरवावे.

आपल्या खान्देशात तर अशी स्थळे हाताशी आहेत. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर आहे. फारुकी सुलतानांची ही जुनी राजधानी. त्यांच्या कबरी तेथे अजून उभ्या आहेत. मंदसोरच्या तहान्वये होळकरांनी हा किल्ला इंग्रजांस दिला होता. तरी किल्लेदार तुळशीराम मामा यांनी तो सोडला नाही. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉप याने हल्ला केला. शेवटच्या दरवाजाशी गोंधळ होऊन काही इंग्रज अधिकारी कापले गेले. तेव्हा त्याच्या फौजेने आतील सुमारे २५० ते ३०० शिबंदीची कत्तल केली, आणि त्याच दिवशी किल्लेदारास फाशी दिले. या कृत्याविषयी खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. अशा जागी भुते कल्पिण्याची गरजच काय? जे घडले तेच मनुष्याची झोप उडविण्यास पुरेसे आहे.

कोणी म्हणेल, मुलांच्या करमणुकीसाठी एवढे गांभीर्य कशाला? याचे उत्तर दुर्दैवाने आपल्याच दोन जिल्ह्यांनी दिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांस ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात, पाचोऱ्याजवळ, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची हूल उठली. घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले, आणि समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली दहांहून अधिक जणांचा अंत झाला. राईनपाड्यास टोळी नव्हती, आणि गाडीस आग नव्हती. होते ते केवळ ऐकीव भय. “कोणी पाहिले?” असे विचारणारा एक खंबीर मनुष्य वेळीच पुढे झाला असता, तर कदाचित काही घरे उजाड होण्यापासून वाचली असती.

सातपुड्याच्या पाड्यांत याच भयाने कित्येक स्त्रियांस ‘डाकीण’ ठरवून छळले आहे. गाईचे दूध आटले किंवा मूल दगावले की, बोट दाखविण्यास एखादी निराधार विधवा सापडते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अशा प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटविल्याचा आळ घेऊन कोणास छळणे, हा आता गुन्हा आहे. परंतु कायद्याचा शिपाई पाड्यावर पोहोचण्यापूर्वी शाळेत शिकलेले मूल तेथे हजर असते, हे विसरता कामा नये.

प्रश्न विचारणे हा श्रद्धेचा द्रोह आहे, असेही कोणी समजू नये. पुनरुत्थित प्रभूस पाहून शिष्य भ्याले व त्यांस भूत समजले, तेव्हा प्रभूने त्यांस रागे भरून गप्प बसविले नाही. आपले हातपाय दाखवून स्वतः चाचपून पाहण्यास सांगितले, असे लूकच्या शुभवर्तमानात आहे.

पालकांस आमची विनंती आहे की, मुलांस भूतसहलीचा हट्ट पडलाच, तर त्यांस दिवसाउजेडी थाळनेरास न्यावे, आणि परतताना धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात थांबावे. गावोगाव हिंडून जुने कागद जमविणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यासच वारले. त्यांच्या मागे, १९२७ साली, हे मंडळ स्थापन झाले. कोणी पाहिले, केव्हा पाहिले आणि कोठे लिहून ठेवले, हे विचारण्यातच त्या पुरुषाचे आयुष्य गेले. खान्देशच्या मुलांनी निदान पुढची अफवा कानी पडेल तेव्हा तरी तो प्रश्न मोठ्याने विचारावा.