तक्रार हेही एक लक्षणच

‘बाबा कालपासून नीट नाहीत हो. काहीतरी भलतेच बोलतायत.’ सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात असे वाक्य रोज कुणी ना कुणी बोलत असते. सांगणारी मुलगी तीन दिवस खाटेशेजारी बसून असते. उत्तर ठरलेले असते : ‘या वयात असे होते’, किंवा ‘मोठे डॉक्टर राउंडला आले की सांगा.’ पुढे प्रकृती ढासळते, रुग्ण दगावतो आणि तीच मुलगी तक्रारीचा कागद घेऊन अधीक्षकांच्या दालनाबाहेर उभी राहते. त्या कागदाची मग आरोपपत्र म्हणून संभावना होते. वास्तविक त्यातली निम्मी माहिती वेळेवर केसपेपरवर आली असती, तर कदाचित कागदाची गरजच पडली नसती.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागतात, त्या अवस्थेला ‘सेप्सिस’ म्हणतात. रक्तदाब कोसळण्याआधी बरेचदा तिच्या खुणा दिसू लागतात : गुंगी, असंबद्ध बोलणे, धाप, लघवी कमी होणे. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. हा वेग वाढणे ही धोक्याची घंटा असते. वृद्धांना तर ताप येईलच असे नाही. ‘हे नेहमीचे बाबा नाहीत’ हे ओळखायला नेहमीचे बाबा ठाऊक असावे लागतात. दिवसातून पाच मिनिटे पाहणाऱ्या डॉक्टरला ते ठाऊक नसतात, घरच्यांना असतात. पाठीवरची लाली, म्हणजे शय्याव्रणाची पहिली खूणही, अंग पुसणाऱ्या बायकोलाच आधी दिसते.

घरच्यांचे न ऐकण्याची किंमत इंग्लंडने मोजली आहे. सायकलवरून पडून स्वादुपिंडाला इजा झालेली १३ वर्षांची मार्था मिल्स ऑगस्ट २०२१ मध्ये सेप्सिसने गेली. ती लंडनच्या नामांकित किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये दाखल होती. प्रकृती बिघडत असल्याची भीती आईने बोलून दाखवली होती. मुलीला वेळेत अतिदक्षता विभागात हलवले असते तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष २०२२ मध्ये मृत्यूच्या अधिकृत चौकशीत निघाला. आईवडिलांनी पाठपुरावा सोडला नाही. त्यातूनच २०२४ पासून तिथल्या रुग्णालयांत ‘मार्थाचा नियम’ लागू होऊ लागला : रुग्ण किंवा नातेवाइकांना शंका वाटली, तर चोवीस तासांत केव्हाही वेगळ्या तज्ज्ञ पथकाकडून तातडीने तपासणी मागता येते.

आपल्याकडे गरिबाची वाट अधिक अरुंद आहे. जिथे सर्वांवरच मोफत उपचार होतात, ती सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत झाले. निर्णय स्वागतार्हच; पण त्यामुळे तिथल्या रुग्णाला ग्राहक आयोगाचे दार सहसा उघडे नसते. अशा वेळी रुग्णालयातली तक्रारपेटी हाच त्याचा खरा आधार उरतो, आणि ती पेटी बहुधा धूळ खात असते.

डॉक्टर आणि परिचारिकांची बाजूही खोटी नाही. दोन परिचारिकांनी खाटांवरचे आणि जमिनीवरचे मिळून साठ रुग्ण सांभाळायचे, तर प्रत्येकाची दर दोन तासांनी कूस कोण बदलणार? रिकाम्या जागा भरणे हे सरकारचे काम आहे आणि त्याला पर्याय नाही. निवासी डॉक्टरवर हात उगारून तर कुणाचाच बाप परत येत नाही. उलट पुढच्या नातेवाइकाशी बोलायला तो डॉक्टर कचरतो. पण मनुष्यबळ कमी असेल, तर खाटेशेजारी जागणाऱ्या माणसाचे डोळे वाया घालवणे अधिकच परवडणारे नाही.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. नातेवाइकांशी बोलण्याची रोजची वेळ वॉर्डाच्या दारावर लिहिलेली असावी. ‘नातेवाइकांना काय वेगळे वाटते?’ हा रकाना केसपेपरवर असावा आणि तो रोज भरला जावा. रात्री शंका आली तर कुणाला बोलवायचे, त्याचे नाव व क्रमांक भिंतीवर हवा. तक्रारीला लेखी उत्तर मिळावे. चूक झाली असेल तर तसे स्पष्ट सांगावे. नातेवाइकांनीही काय दिसले, कधी दिसले, कुणाला सांगितले हे तारीखवेळेसह टिपून ठेवावे. उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार बंधनकारक आहे. ती निःसंकोच मागावीत.

बहुतेक कुटुंबांना भरपाईपेक्षा दोन गोष्टी हव्या असतात : नेमके काय घडले, आणि पुढच्या खाटेवर ते पुन्हा घडणार नाही याची खात्री. पहिलीचे उत्तर प्रामाणिकपणे दिल्याशिवाय दुसरीची हमी कोणतेही रुग्णालय देऊ शकत नाही.