फोनवर बोलता तेच लिहा

कुठल्याही छोट्या धंद्याची वेबसाईट उघडा. पहिलं वाक्य मी न बघता सांगतो: "ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय". पुढे "दर्जेदार व तत्पर सेवा" आणि कुठेतरी "सर्वांगीण सोल्युशन्स" असणारच! अरे पण धंदा नक्की कशाचा? ते काही शेवटपर्यंत कळत नाही.

माझं काम कोड लिहायचं. पण "मजकूर नंतर देतो" म्हणणारे क्लायंट वर्षानुवर्षं बघतोय. लोगो निळा की जांभळा यावर तीन मीटिंगा, आणि मजकूर मात्र आदल्या रात्री दुसऱ्याच्या साईटवरून उचललेला. आता तर एआयला सांगितलं की दोन मिनिटांत पाच परिच्छेद हजर. शुद्ध, गुळगुळीत आणि कुणालाही लागू पडतील असे. माझ्या मते गोची तिथेच आहे. नाव बदलून जो मजकूर शेजारच्या दुकानालाही चालतो, तो तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही.

बरं, हे वाचतं कोण? जेकब नील्सन या युजेबिलिटीवाल्या बाबाने १९९७ मध्येच लिहून ठेवलंय की त्यांच्या चाचणीतल्या ७९% लोकांनी नवीन पानावरून नुसती नजर फिरवली. शब्दन् शब्द वाचणारे फक्त १६%. मग त्यांनी एका पर्यटन साईटचा तोच मजकूर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून तपासला. शब्द साधारण निम्मे केले तर युजेबिलिटी ५८% वाढली. फुशारकी काढून साधी भाषा ठेवली, तर तेवढ्यानेच २७%. आणि लांबी, मांडणी, भाषा तिन्ही सुधारल्यावर १२४%! तेव्हा मोठा मॉनिटर होता. आज तेच पान लोक मोबाईलवर, लोकलमध्ये लटकत बघतात.

माझ्या ओळखीच्या एका काकांचा पाण्याच्या टाक्या साफ करायचा धंदा आहे. साईटवर "जलस्वच्छता क्षेत्रातील विश्वासार्ह नाव". पण फोनवर त्यांना ऐका! सोसायटीचा सेक्रेटरी विचारतो, काका सटासट उत्तरं देतात. मी ती उत्तरं नुसती लिहून काढली:

"सोसायटीच्या गच्चीवरच्या आणि जमिनीखालच्या टाक्या साफ करतो. पाणी साधारण चार तास बंद राहील. आदल्या दिवशी टाकी भरू नका. गाळ आम्ही उचलून नेतो. गळतीची दुरुस्ती करत नाही."

झालं की! पाच वाक्यं. यात फुशारकीचं एकही विशेषण नाही, पण विश्वास मात्र बसतो. खास करून शेवटच्या वाक्यामुळे. जो माणूस "हे आम्ही करत नाही" असं आपणहून सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही आपण भरवसा ठेवतो.

काकांची पहिली प्रतिक्रिया मात्र होती, "चार तास लिहिलं आणि पाच लागले तर?" खरी मेख इथे आहे. गोलमोल लिहिणाऱ्याला मराठी येत नाही असं नसतं. स्पष्ट लिहिलं की आपण बांधले जातो, याची ती भीती असते. "तत्पर सेवा" म्हटलं की उद्या कोणी जाब विचारत नाही. पण गिऱ्हाईक काही दुधखुळं नसतं. त्याला रविवारी सकाळी पन्नास घरांचं पाणी बंद करायचंय, त्याला आकडा हवा. तुम्ही नाही दिलात तर तो बॅक बटण दाबतो आणि दुसऱ्याला फोन लावतो. तो आला होता हे तुम्हाला कळतसुद्धा नाही. पाच तास लागू शकत असतील तर "चार ते पाच तास" लिहा ना, पण लिहा.

तेव्हा साईटचा मजकूर लिहायला बसाल तर आधी शेवटचे दहा फोन आठवा. लोकांनी काय विचारलं, तुम्ही काय सांगितलंत, आणि कुठल्या प्रश्नाला "बघू, कळवतो" म्हणालात. पहिल्या दोनांतून पान तयार होईल. तिसऱ्याचं उत्तर आधी स्वतःशी ठरवा. ते काम ना डिझायनर करू शकत, ना माझ्यासारखा कोडवाला, ना एआय.